कडेगावच्या स्टँडवरच्या पाच बायका

साताऱ्यात आमच्या सोसायटीत मला ‘सर्वेवाल्या काकू’ म्हणतात. हे नाव मीच पाडून घेतलंय. कुणी पाहणीची बाई टॅब घेऊन दाराशी आली की मी तिला आत बोलावते, चहा पाजते आणि सांगते, “अहो, आम्ही हे काम केलं तेव्हा शाईचं पेन, छत्री आणि एसटी, एवढंच होतं.” पुढचा पाऊण तास ती माझी माहिती घ्यायची विसरते आणि मीच तिला माझी माहिती पुरवते. जाताना ती म्हणते, “काकू, तुम्ही लय काम केलंय.” मीही मान हलवते. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

काम केलं होतं हे खरं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी पलूसजवळ माहेरीच होते, कारण नवरा फौजेत, तिकडे लांब. त्याच वर्षी वडील गेले. घरात बसून मी आईला वैताग देते हे बघून मामानं मला सांगलीच्या एका वकिलीच्या कॉलेजातल्या सरांकडे नेलं. सर हक्कसोडपत्रांचा अभ्यास करत होते. वडिलांच्या माघारी जमिनीतला आपला हिस्सा बहिणींनी भावांना सोडून द्यायचा, त्याचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आमच्याकडे तो कागद करायचा दिवस ठरतो, बहिणीला न्यायला गाडी येते, गोडाधोडाचं जेवण होतं, साडी-चोळी होते आणि सही होते. या सह्या बायका खुशीने करतात का, असा सरांना प्रश्न पडला होता. कोर्टात बसून ते कळायचं नाही, घरोघर जाऊन विचारलं पाहिजे, असं ते म्हणायचे. त्या काळात असं म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता. बायकांना विचारायला बाई हवी होती. मी बी.ए. झालेली, हिंडायला एका पायावर तयार. लागली वर्णी.

त्या वेळची मी आज रस्त्यात दिसले तर मीच मला दोन सुनावीन. डाळिंबी रंगाची कोरी नायलॉनची साडी, काखेत छत्री, खांद्याला झोळी, खिसा नाही म्हणून ब्लाउजलाच अडकवलेली दोन पेनं. एक लिहायला आणि एक दिसायला. गावच्या वेशीत शिरले की मान अशी ताठ, की कलेक्टरनं उठून नमस्कार करावा. कुत्री मात्र भुंकायची. त्यांना पदवीचं कौतुक नसतं.

तर एवढ्या भांडवलावर मी जन्मभर मिरवलं. आणि मग माझी नात सांगलीला वकिलीचं शिकून पुढं संशोधनाला लागली, विषय घेतला हक्कसोडपत्रांचा, आणि एका सुट्टीत साताऱ्याला येऊन म्हणाली, “आजी, सरांची ती छोटी पुस्तिका मला मिळाली. त्यात लिहिलंय की जवळजवळ सगळ्या बायकांनी हक्क खुशीने सोडला. ते मूळ फॉर्म कुठं असतील गं?”

“माझ्याकडं आहेत,” मी म्हणाले. माझी छाती फुगली होती हे कबूल करते. सरांनी माझ्याकडून फक्त गोषवारा घेतला होता, फॉर्म परत मागितलेच नाहीत. आमच्या ह्यांच्या काळ्या फौजी ट्रंकेत, एका जुन्या गोधडीखाली, ते सगळेच्या सगळे होते. ट्रंक उघडली तेव्हा नातीनं मला मिठीच मारली. “आजी, असे कागद कुणी ठेवत नाही. नुसता निकाल ठेवतात.”

तिनं ते फॉर्म दिवाणखान्यात फरशीभर मांडले. पापड वाळत घालावेत तसे. आणि मग मला तिचा बेत सांगितला. तेव्हा त्या बायका काय म्हणाल्या, आज काय म्हणतात, याची तुलना म्हणजे तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण. तीन वर्षांचं काम त्या पायावर उभं राहायचं होतं. पंधरा दिवसांनी सांगलीला ते जाणत्यांसमोर मांडायचं होतं. आणि त्याआधी हे सगळे फॉर्म स्कॅन करून, घरांच्या खुणा झाकून, इंटरनेटवर ठेवायचे होते. म्हणजे कुणालाही ते उघडून तिचं काम तपासता यावं.

“कुणालाही?” मी विचारलं.

“कुणालाही. मी सांगते म्हणून लोकांनी का ऐकायचं? त्यांना दिसलं पाहिजे.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काहीच नव्हतं, तरी मी ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी नात फॉर्म वाचता वाचता थांबली.

“आजी, या पाच बायका फार हुशार होत्या बघ.”

“का गं?”

“बाकी जवळजवळ सगळ्यांचं वय तीस, चाळीस, पन्नास. एकीनं तर ‘पुराच्या साली पाळण्यात होते’ एवढंच सांगितलंय. आणि कडेगावकडच्या या पाचजणींना आपलं वय अगदी नेमकं माहीत. सत्तावीस, तेहतीस, एक्केचाळीस...”

“शिकलेल्या असतील.”

“शिक्षणाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलंयस.”

“नवरे पोस्टात असतील.”

“पाचांचे?” तिनं एक फॉर्म उजेडात धरला. “आणि बाकीच्या कागदांना घडी आहे, ताकाचे डाग आहेत, एकावर काकवी सांडलीय. हे पाच मात्र नुकतेच इस्त्रीहून आल्यासारखे.”

आमचे हे, निवृत्त हवालदार, तोवर पेपर वाचत होते. पेपराआडून म्हणाले, “आमच्याकडं खोटी हजेरी लावली तर पाठीवर पिट्टू घालून मैदानाला चकरा मारायला लावायचे.”

“तुम्ही तुमचा पेपर वाचा,” मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच बारीक लागला. या माणसाला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा मीच हसत हसत सांगितलं होतं.

तो दिवस मी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या आणि नातीला शेजारी बसवलं. हात कामात असले की तोंडाला जरा धीर येतो.

“त्या पाच बायका नाहीत,” मी म्हणाले.

“वारल्या?”

“जन्मल्याच नाहीत.”

मग सांगितलं. कडेगावच्या बाजूला एका गावी जायचं होतं. पण त्या दिवशी कडेगावात जत्रेच्या कुस्त्या होत्या, आणि माझ्या मावशीचं घर मैदानाला लागून. बायकांनी मैदानात जायची पद्धत नव्हती, पण मावशीच्या माळवदावरून सगळं दिसायचं. जरा वेळ बघू म्हणून वर चढले. शेवटची कुस्ती चितपट झाली तेव्हा गावची एसटी कधीच गेली होती. मग स्टँडवर पलूसच्या गाडीची वाट बघत, चौकशीच्या खिडकीच्या फळीवर कागद ठेवून, मी पाच बायका तयार केल्या. छान सपाट फळी होती. एकीला पाच भाऊ दिले, कारण त्या दिवशी मला पैलवान फार आवडले होते. एकीला बहीणच दिली नाही, बिचारीला. वयं मुद्दाम नेमकी लिहिली, म्हणजे कुणाला शंका येऊ नये! त्या भागात हिंडून हिंडून एवढंही कळलं नव्हतं मला, की तिथं कुठल्याच बाईला आपलं वय नेमकं ठाऊक नसतं. बी.ए. झालेल्या बाईची अक्कल ती!

नात हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं एक शेंग फोडली, दाणे टरफलांत टाकले आणि टरफल दाण्यांत.

“पाचच?”

“पाचच.”

“नक्की ना आजी?”

“नक्की,” मी म्हणाले. हे माझं दुसरं खोटं. पण त्याकडं मी नंतर येते.

दुपारी ती गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडची मैत्रीण तिला समजावत असावी, कारण ही सारखी म्हणत होती, “गुपचूप वगळू? आणि उद्या कुणी मोजले तर?” मग थोडं थांबून, “वगळायचे तर वगळले हे लिहायचं. का वगळले ते लिहायचं. आणि कुणी लिहिले होते तेही.” मग आणखी थांबून, “हो गं, माझीच आजी. तेही लिहिणार. नातं लपवलं तर बाकीचं कोण खरं मानेल?”

फोन ठेवून ती आत आली. मी विचारलं, “म्हणजे आता साऱ्या जगाला कळणार?”

“साऱ्या जगाला वेळ नाहीये आजी. चार-पाच माणसं वाचतील.”

“त्यातला एक आपल्याच सोसायटीतला निघेल बघ.”

आता कुठं ती हसली. पण तिचे डोळे सुजलेले होते. रडून आली होती. तिचं पहिलं प्रकरण माझ्या कुस्त्यांनी आडवं केलं होतं, आणि तरी ते झाकायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा जो अभिमान वाटला, तो तिला सांगायची सोय नव्हती. चोरानं पोलिसाचं कौतुक केल्यासारखं झालं असतं.

“पाच जाऊ देत,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं काय? त्या तर खऱ्या आहेत ना? त्या सगळ्या खुशीनेच म्हणाल्या?”

“म्हणाल्या. पण...”

हा ‘पण’ मी इतकी वर्षं गिळून ठेवला होता. सरांनी मला बजावलं होतं की बाईला एकटीला गाठून विचारा. मी हो म्हणाले आणि गेले. पण मी जायची त्यांच्या सासरी. तिथं बाई एकटी कशी सापडणार? मी प्रश्न विचारायचा, बाईनं पदर सारखा करायचा आणि उत्तर सासूनं द्यायचं. “खुशीनंच दिलं हो हिनं. लय मोठ्या मनाची हाय आमची सून.” मग मी सुनेकडं बघायची, सून मान हलवायची, मी खूण करायची. झालं सर्वेक्षण. शेवटच्या प्रश्नाला चौकटीही दोनच होत्या, ‘खुशीने’ आणि ‘दबावाने’. दबावाने या चौकटीवर माझं पेन जवळजवळ गेलंच नाही.

नातीनं वही काढली आणि हे सगळं लिहून घेतलं. “हे सांगितलंस ते फार बरं केलंस,” ती म्हणाली. “हे पुस्तिकेत कुठंच नाही.” मग विचारलं, “यातली एखादी बाई अजून असेल?”

फॉर्मात नावं लिहायचीच नव्हती, पण ताकाच्या डागाचा फॉर्म मी बरोबर ओळखला. पलूसजवळच्याच एका गावातली बाई, तेव्हा माझ्याहून थोडी मोठी. तिनं ताक दिलं होतं, आणि मी रुबाबात पेला उचलताना ते कागदावर सांडलं होतं.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. बाई होती. दातांचा पत्ता नव्हता, बाकी ठणठणीत. घर सिमेंटचं झालेलं. आम्ही सोफ्यावर बसलो, ती खाली सतरंजीवर, आणि तिची सून दाराला टेकून. नातीनं नीट सगळं सांगितलं, कशासाठी आलो, नाव लिहिणार नाही, नको असेल तर उत्तर देऊ नका. मग प्रश्न विचारला.

“आत्तींनी खुशीनंच दिलं,” सून म्हणाली. “मोठं मन हाय त्यांचं.”

म्हातारीनं मान हलवली.

मी नातीच्या हातातलं पेन हळूच खाली केलं. माझी सासरची शाळा पुन्हा भरली होती, फक्त सासूच्या जागी सून होती. मी म्हातारीला विचारलं, “भांगलण कुठं चाललीय?”

“वरच्या हळदीत. का वं?”

“आम्हाला बी खुरपं द्या की.”

भांगलायला बसलं की बायका एका ओळीत पुढं सरकतात. नजर तणावर, कुणी कुणाचं तोंड बघत नाही. आजूबाजूला पुरुष नाही, सासू नाही, सून नाही. जे घरात बोलता येत नाही ते सगळं मी आईच्या मागं रानात ऐकलं होतं. आणि एवढं ठाऊक असून त्या वेळी ही छत्रीवाली बाई एकदाही रानात उतरली नाही. का? तर साडी मळेल.

थोडा वेळ नुसती खुरपी चालली. मग म्हातारी म्हणाली, “बाई, तुमी त्या छत्रीवाल्या न्हाई का?”

“व्हय.”

“लय तोरा हुता तुमचा. ताक सांडलं, आन् भांडं तसंच ठिवून गेला हुता.”

“चुकलंच. तवा तुमी खुशीनं म्हणाला हुता, ते आठवतंय?”

“सासू म्होरं बसली हुती की वं! तिच्यापुढं माज्या भावाचं वंगाळ सांगू व्हय? जलमभर टोचलं असतं तिनं.”

“म्हंजे दबाव हुता?”

तिचं खुरपं थांबलं. “दबाव कुणाचा? भावानं कायबी म्हटलं न्हाई. गाडी घिऊन आला, जेवताना रडला. मी सही केली नसती तर पंचमीला मुराळी कोण आलं असतं मला न्यायला? आई गेली, बा गेला. ऱ्हायला त्यो एकटा. माज्या वाटणीचं रान मी माहेरच्या वाटंला दिलं बगा. खुशीनं म्हणा, दबावानं म्हणा, न्हाईतर आनिक काय म्हणा. तुमच्या कागदात कुटं बसतंय ते तुमी बगा.”

नात शेजारच्या ओळीत होती. तिचे हात थांबले होते, मग घाईघाईनं चालू लागले.

“आगं पोरी!” म्हातारी ओरडली. “ती हळद हाय! गवत उपट, गवत! वकील हाय म्हणं!”

नातीनं उपटलेला कोंब परत मातीत खोचला आणि विचारलं, “आज्जी, तुम्ही सांगितलं ते लिहू का मी?”

“लिव्ह की. पर सूनंला वाचून दावू नगंस.”

बांधावर बसून नातीनं ते लिहिलं. तेवढंच लिहिलं नाही. कुठं विचारलं, जवळ कोण होतं, म्हातारीची माझी जुनी ओळख आहे, प्रश्न आधी घरात विचारला तेव्हा उत्तर वेगळं आलं, हेही लिहिलं. दोन्ही उत्तरं ठेवली. मी म्हटलं, “पहिलं खोडून टाक की.” तर म्हणाली, “तेही तिचंच आहे.”

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. कऱ्हाड मागं पडल्यावर तिनं पिशवीतून एक फॉर्म काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“आजी, सगळ्या फॉर्मांमध्ये एकच बाई बी.ए. आहे.”

मी चष्मा पुसला.

“वय बावीस, नेमकं. भाऊ दोन. गाव पलूसजवळचं. कागद त्याच वर्षी झालेला.” तिचा आवाज अगदी मऊ होता. “उत्तर खुशीने.”

काय सांगू, पाच बायका घडवताना मी इतकी काळजी घेतली, आणि स्वतःच्या वेळी शिक्षणाच्या रकान्यात ‘नाही’ लिहवलं नाही! पदवी लिहायची एकही संधी सोडायची नाही, हा त्या पोरीचा बाणा. त्याच बाण्यानं ती पकडली गेली.

“हिला मी खरी धरू की खोटी?” नातीनं विचारलं.

मग मी बोलले. वडिलांचे दिवस झाले आणि महिनाभरानं मोठ्या भावानं मला तालुक्याला नेलं. सांगलीहून साडी आणली होती, डाळिंबी, नायलॉनची, तेव्हा गावात कुणाकडं नव्हती. मी सही केली. वाचून बघितलं नाही. बी.ए. झालेली मुलगी! भावानं कागदावर बोट ठेवलं आणि मी सही केली. वर म्हणाले, “मला काय करायचंय जमीन घेऊन, माझा नवरा फौजेत आहे.” सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. आणि पुढच्याच आठवड्यात तीच साडी नेसून मी दुसऱ्या बायकांना विचारत निघाले, की बाई गं, तुम्ही कशी दिलीत?

“मग खुशीने की...?” नातीनं विचारलं, आणि लगेच स्वतःचं तोंड धरलं. “नको, मला सांगू नकोस. मी विचारायला नको.”

मी मात्र खिडकीबाहेर बघत वेगळाच विचार करत होते. स्टँडवर त्या पाचजणींच्या पुढं पेन न थांबता ‘खुशीने’वर का गेलं, ते मला इतक्या वर्षांनी समजत होतं. आळशीपणा होता, कुस्त्या होत्या, सगळं खरं. पण मला सोबत हवी होती. सगळ्या जणी खुशीने देतात असं दिसलं, की मग मीही खुशीनेच दिली असणार. सासवा उत्तर देत होत्या तेव्हा मी हटकलं नाही, तेही बहुतेक त्याचसाठी.

सांगलीच्या त्या सभेला मी गेले. नात नको म्हणत होती. आमचे हे म्हणाले, “जाऊ दे तिला. मोर्चा सोडून पळायचं नसतं.” मी तिसऱ्या रांगेत बसले, कडक इस्त्रीची साडी नेसून.

ती उभी राहिली. वाटलं होतं चांगलं चांगलं आधी सांगेल आणि माझं प्रकरण शेवटी, घाईत उरकेल. तिनं ते सगळ्यांत आधी सांगितलं. हे जुने फॉर्म माझा आधार होते. यातले पाच बनावट आहेत. ते मला वयांवरून कळले, मग लिहिणाऱ्या व्यक्तीनं स्वतः कबूल केले. एक फॉर्म त्या व्यक्तीनं स्वतःबद्दल भरलेला आहे. बाकीच्यांना सासरच्या माणसांसमोर विचारलं गेलं. ती व्यक्ती माझी आजी आहे, आणि आज इथे बसली आहे. या फॉर्मांवर उभं असलेलं माझं पहिलं प्रकरण मी मागे घेतलंय आणि ते नव्यानं लिहितेय. सगळे कागद उघडे ठेवलेत, खोट्यांसकट.

सभागृहात खुसफुस झाली. माना वळल्या. मी माझी मान वळवली नाही. ती तशीही आता वळत नाही.

पुढच्या रांगेतले एक टक्कल पडलेले प्राध्यापक उठले. “बाई, साधनच असं असेल तर आम्ही तुमच्या संशोधनावर विश्वास का ठेवावा?”

“नका ठेवू, सर,” ती म्हणाली. “कागद उघडा आणि तपासा. मी कुठं चुकले ते तुम्हाला सापडावं, म्हणूनच ठेवलेत. पुस्तिकेत निकाल होता, कागद नव्हते. त्यामुळे इतकी वर्षं त्या पाच खोट्या बायका कुणालाही सापडल्या नाहीत.”

प्राध्यापक खाली बसले. आणि मग त्यांनीच टाळी वाजवली. पहिली. माझ्या शेजारची अनोळखी मुलगी वाजवू लागली तेव्हा मी तिला कोपर मारून सांगितलं, “माझी नात आहे.” तिनं माझ्याकडं वळून बघितलं, तेव्हा लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. तरी मी पुन्हा सांगितलं, “माझीच.”

शेवटी एका बाईंनी विचारलं, “ज्यांनी स्वतःचा फॉर्म भरला, त्या आज काय उत्तर देतील?”

“मी विचारू शकत नाही,” नात म्हणाली. “मी नात आहे. दुसरं कुणीतरी विचारावं लागेल.”

ते दुसरं कुणीतरी पुढच्या आठवड्यात साताऱ्याला आमच्या दारात आलं. सभेत माझ्या शेजारी बसलेली, कोपर खाल्लेली तीच मुलगी. नातीनं तिला पाठवायच्या आधी ती मला ओळखते का हे विचारून घेतलं होतं, आणि कोपराचं तिनं वहीत लिहूनही ठेवलं होतं. काखेत छत्री नव्हती. पेन एकच होतं. बूट दाराशी काढून तिनं पहिला प्रश्न विचारला, “आजी, घरात आणखी कुणी आहे का?”

मी ह्यांना गच्चीवर पाठवलं. पेपर घेऊन गेले, जाताना सॅल्यूट ठोकून. चहा मी या वेळी आधी केला नाही, नंतर करायचं ठरवलं, कारण चहा झाला की मी भाषण सुरू करते हे मला ठाऊक आहे.

तिच्या फॉर्मात चौकटी नव्हत्या. शेवटच्या प्रश्नाखाली नुसत्या ओळी होत्या, पानभर. मी ट्रंकेतली गोधडी आणून तिला दाखवली. तिच्या मधोमध त्या डाळिंबी साडीचा तुकडा आहे, आईनं शिवलेला. मग मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. माझा भाऊ वाईट नव्हता. दर पंचमीला तो न्यायला आला, अजून त्याच्या मुलाला पाठवतो. मला कुणी धमकावलं नाही. पण मला कुणी विचारलंही नाही, आणि मीही विचारलं नाही. सहीच्या दिवशी मी हसले होते. आई हसली नव्हती, आणि का हसली नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. घरोघर हिंडून परक्या बायकांना विचारत होते, आणि आई चुलीपाशी बसलेली होती. हे मला आज लागतं. तिथं खूण करायची असेल तर कर.

मुलीनं सगळं लिहिलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवलं आणि विचारलं, “बरोबर आहे का?”

“एक चूक आहे,” मी म्हणाले. “वय.”

“तुम्ही सत्तर सांगितलंत.”

“ते मी सगळ्यांनाच सांगते. त्र्याहत्तर लिही. नेमकं.”

तिनं सत्तरवर एकच रेघ मारली, खालचा आकडा नीट वाचता येईल अशी. शेजारी त्र्याहत्तर लिहिलं आणि कागद माझ्याकडं वळवून म्हणाली, “इथं सही करा, आजी. बदल तुमच्या सांगण्यावरून केला म्हणून.”

मी चष्मा लावला. आधी सगळा कागद स्वतः वाचला, अक्षर न् अक्षर. मग सही केली.